पत्रकवाले नाना

औषधाचं खोकं उघडलं की आतून बाटली निघते आणि बाटलीच्या अंगाला चिकटून एक घडी घातलेला पातळ कागद निघतो. बहुतेक लोक तो खोक्यासकट केरात टाकतात. बाकीच्यांना तो दिसतच नाही, कारण दुकानदाराने पट्टीतल्या सहा गोळ्या कात्रीने कापून कागदी पाकिटात सरकवलेल्या असतात. हा कागद पहिल्या शब्दापासून तळाशी छापलेल्या कारखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणारा माणूस आमच्या माहितीत एकच आहे आणि तो बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. पाळण्यातलं नाव रेशनकार्डावर असेल. वाड्यात त्यांना पत्रकवाले नाना म्हणतात.

नाना एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झाले. बडोद्यात याचं कुणाला अप्रूप नाही. १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन या त्रिकुटाने अलेम्बिक काढली, पुढे साराभाईंचा कारखाना आला, आणि गायकवाडी कारकुनांची नातवंडं औषधांच्या कारखान्यांत चिकटली. कुणाच्या वाट्याला गोळी आली, कुणाच्या वाट्याला बूच. नानांच्या वाट्याला पत्रक आलं. घडी सरळ पडते का, कागद खोक्यात पुरता बसतो का, एवढंच बघायचं. वाचायचं नव्हतं, वाचत बसले असते तर पट्टा थांबला असता. निवृत्तीनंतर एका दुपारी काकूंच्या थायरॉइडच्या गोळीचं पत्रक त्यांनी सहज उलगडलं आणि उभा जन्म ज्याच्या घड्या तपासल्या त्याच्या आत मजकूरही असतो, हे त्यांना प्रथम कळलं. ‘गायकवाड महाराजांनी १९०६ साली राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबाला आणून गावोगाव वाचनालयं काढवली, ती कशासाठी?’ असा प्रश्न ते तेव्हापासून विचारतात आणि उत्तराची वाट न बघता कागद पुढे करतात.

पत्रक उघडण्याचा विधी बघण्यासारखा असतो. नाना पायाने झोपाळा थांबवतात. फळीवर कालचं वर्तमानपत्र अंथरतात. नखाने पहिली घडी सोडवतात, मग दुसरी. कागद आधी आडवा वाढतो, मग उभा वाढतो, आणि बोटभर खोक्यातून निघालेला ऐवज अर्धा झोपाळा व्यापतो. चार कोपऱ्यांवर अडकित्ता, चुन्याची डबी, चष्म्याचं घर आणि काकूंचा हात ठेवला जातो. काकूंना कणीक मळायची असते, पण चौथं वजन घरात सापडत नाही. मग भिंग येतं. दुष्परिणामांवरून ते भरभर पुढे सरकतं आणि या औषधाचं कशाकशाशी जमत नाही, ते सांगणाऱ्या परिच्छेदापाशी थांबतं. ‘दुष्परिणाम हा गोळीचा आणि माणसाचा खाजगी मामला,’ नाना म्हणतात, ‘पण गोळीचं आणि नाश्त्याचं भांडण असेल तर चारचौघांनी मध्ये पडायलाच हवं.’

ते पडतात. वाड्यात इतर लोक एकमेकांना आडनावाने ओळखतात, नाना मायक्रोग्रॅमने ओळखतात. जिन्याखालच्या पंचवीसवाल्या वहिनी, वरच्या मजल्यावरचे शंभरवाले भाऊ, समोरच्या घरातल्या पन्नासवाल्या बेन. थायरॉइडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन हे हार्मोन. ते उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं, नंतर अर्धा ते एक तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या काही गोळ्या चार तास लांब ठेवायच्या, कारण आतड्यात त्या थायरॉक्सिनला धरून बसतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. हे सगळं पत्रकात आहे. पत्रकात नाही ते एवढंच, की याची अंमलबजावणी करायला रोज सकाळी साडेसहाला गच्चीवरून कोणी ओरडावं.

‘बेन, टीकडी लीधी?’

‘लीधी, काका.’

‘शेनी साथे?’

‘चा साथे. बीजा शेनी साथे?’

नाना कठड्याला धरतात. मग इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष गच्चीवरून प्रसारित होतो: गोळीवर लगेच एस्प्रेसो कॉफी प्यायली की औषध रक्तात कमी उतरतं.

‘पण काका, ए तो कॉफी हती. आ तो चा छे.’

‘चहात दूध आहे, बेन. दुधात कॅल्शियम आहे.’

‘अमारा दूधवाळाना दूधमां पाणी सिवाय कंई नथी होतुं,’ बेन शांतपणे म्हणतात, ‘एटले पाणी साथेज लीधी ने?’

त्या दिवशी नाना गच्चीवरून लवकर खाली उतरले.

पण खचणाऱ्यांतले ते नव्हेत. पत्रकात पुढे एक यादी होती: सोयाबीनचं पीठ, अक्रोड, तंतुमय पदार्थ आणि सरकीची पेंड. बाकी तिघांकडे नानांनी नंतर पाहिलं. सरकी वाचून मात्र त्यांना घाम फुटला. गुजरातेत फरसाण कशात तळतात? कपासिया तेलात, म्हणजे सरकीच्याच तेलात. लिला चेवडा, फाफडा, शेव, सगळंच संशयित. आठ दिवस नानांनी वाड्याची फरसाणबंदी केली. शेवटी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापिकेने समजावलं, की नाना, आक्षेप पेंडीवर आहे, तेलावर नाही, आणि पेंड माणसं खात नाहीत. ‘मग कोण खातं?’ नानांनी विचारलं. ‘म्हशी.’ एवढं पुरलं. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यावर हजर. पेंडीचं पोतं तपासून, म्हशीच्या तोंडाकडे बघून परत आले आणि दुधाबद्दल नवी शंका घेऊन बसले. म्हशीच्या पोटातल्या पेंडीचा आणि बेनच्या पोटातल्या गोळीचा संबंध नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला प्राध्यापिकाबाईंची एक अख्खी संध्याकाळ गेली.

यादीतले तंतुमय पदार्थ म्हणजे आपल्याकडे मुख्यतः इसबगोल. ऊंझ्याची इसबगोलाची बाजारपेठ बडोद्यापासून काही फार लांब नाही आणि रात्री निजताना इसबगोल घेणं हा वाड्यातल्या ज्येष्ठांचा नित्यनेम. ज्यांना सकाळची वेळ जमत नाही त्यांनी थायरॉइडची गोळी रात्री, जेवणानंतर तीनेक तासांनी घ्यावी, अशी सोय आहे. नानांनी ती सोय शंभरवाल्या भाऊंना करून दिली. भाऊंवर तशी वेळच आली होती. त्यांना साखरेसाठी सेमाग्लुटाइडची तोंडाने घ्यायची गोळी सुरू झाली. तीही हार्मोनच्याच घराण्यातली आणि घराण्याचा तोरा सांभाळून असलेली: मलाही उपाशी पोटच हवं, पाणी अर्ध्या पेल्याहून जास्त नको, पुढे अर्धा तास कोणी यायचं नाही. थायरॉइडची गोळी म्हणे मला पेलाभर पाणी हवं. पोट एक, दावेदार दोन. नानांनी दोघींची सुनावणी घेतली, भाऊंना डॉक्टरांकडे पाठवून मंजुरी आणवली आणि थायरॉइडला रात्रपाळी दिली. आता भाऊ साडेनवाला जेवतात, साडेबाराच्या गजराला उठून गोळी घेतात, आणि इसबगोल संध्याकाळी पाचला घेऊन त्याचे जे काय परिणाम व्हायचे ते रात्री जागेपणीच भोगतात.

नवरात्रात हीही व्यवस्था कोलमडते. बडोद्याचा गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि तो संपल्यावर सरळ घरी जाणं हे इथल्या रीतीत बसत नाही, शेव-उसळ लागते. वाटाण्याची उसळ, वर लाल तरी, मूठभर शेव, कांद्याची पात. गरब्याच्या कडेला पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी घेऊन उभे असलेले नाना अनेकांनी पाहिले आहेत. ‘आत्ता घ्या, उसळीआधी तास जाईल,’ ते चनिया-चोळीतल्या पंचवीसवाल्या वहिनींना खुणावतात. वहिनी टाळी देत गोलातून पुढे जातात आणि फेरा पूर्ण करून परत येतात तेव्हा नाना घड्याळ बघून म्हणतात, ‘आता पावणेतास.’

नानांचा अधिकार थायरॉइडपुरता मर्यादित नाही. संगीत शिकवणाऱ्या एका गुरुजींना दम्यासाठी प्रेडनिसोलोन सुरू झालं, तेव्हा नानांनी त्यांच्या झब्ब्याच्या खिशातून ज्येष्ठमधाची कांडी काढून घेतली. गाणारा माणूस ज्येष्ठमधावाचून कसा राहील? पण ज्येष्ठमध भरपूर खाल्लं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि स्टेरॉइडही शरीरात रेंगाळतं. हे खरं आहे आणि हीच नानांची अडचण आहे: त्यांचं बहुतेक सगळं खरं असतं. चुकीचं सांगणाऱ्या माणसाला टाळता येतं. बरोबर सांगणाऱ्याला टाळायला मागच्या दाराने जावं लागतं, आणि मागच्या दाराशी नानांची सायकल असते.

इतिहासही त्यांनी सोडला नाही. मंदावलेल्या थायरॉइडवरचं पहिलं औषध १८९१ साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टराने दिलं. एका बाईला मेंढ्याच्या ग्रंथीचा अर्क सुईने टोचला. ती बाई पुढे २८ वर्षं जगली आणि तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्या लागल्या. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या डॉक्टराने सुई वगळली आणि अर्धी ग्रंथी किंचित तळून, जेलीबरोबर, आठवड्यातून एकदा खायला सांगितली. औषध आणि अन्न यांच्यात चार तासांचं काय, चार बोटांचंही अंतर नव्हतं. नानांनी हा रंजक भाग बेनना अशा रसाळपणे सांगितला, की कांदा-लसूणही न खाणाऱ्या बेननी दोन दिवस गोळीच घेतली नाही. १९२७ पासून थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता येतं, आजच्या गोळीतल्या हार्मोनशी मेंढ्याचा काही संबंध नाही, हे पटवायला नानांना पुन्हा गच्चीवर चढावं लागलं. खाली येईपर्यंत सगळ्या दांडिया बाजारला मेंढ्यांचा आकडा पाठ झाला होता.

असं हे राज्य एका उंबऱ्यापाशी मात्र संपतं. तो त्यांच्याच स्वयंपाकघराचा.

काकू गेली कित्येक वर्षं पहाटे उठतात, आल्याचा चहा टाकतात, तो उकळेपर्यंत देवाला फूल वाहतात आणि पहिल्या घोटाबरोबर गोळी गिळतात. रोज. नाना दारात उभे राहून पत्रक वाचून दाखवतात, काकू चहा गाळतात. एकदा नाना त्यांना मुद्दाम डॉक्टरांकडे घेऊन गेले, तिथे तरी न्याय मिळेल म्हणून. डॉक्टरांनी टीएसएच पाहिला, म्हणजे थायरॉइडची मात्रा बरोबर आहे का ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा. उत्तम होता. ‘रोज अशीच घेता?’ ‘रोज अशीच.’ ‘मग काही बदलू नका,’ डॉक्टर म्हणाले. चहामुळे गोळीतलं जेवढं फुकट जातं तेवढं धरूनच मात्रा बसली आहे. आता एकाएकी पाण्याबरोबर घेतली तर तीच मात्रा जास्त होईल, छाती धडधडेल, आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. नव्या पेशंटला मी पाण्याबरोबरच घ्यायला सांगतो, पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे रोज सारखेपणा. हे हार्मोन शरीरात निम्मं व्हायलाच आठवडाभर घेतं. एखाद्या दिवसाच्या चुकीने आभाळ कोसळत नाही. एक दिवस साधनशुचिता आणि तीन दिवस सुट्टी, हे त्याला सोसत नाही.

‘चहासकट डोस लावलाय मला,’ काकूंनी घरी आल्यावर वाड्याला सांगितलं. नानांनी तेवढ्यापुरता आवंढा गिळला, साध्या पाण्याबरोबर.

त्यानंतर घडलं ते वाड्यात अजून दबक्या आवाजात सांगतात. एका मोफत शिबिरात नानांनी उगाचच स्वतःचं रक्त दिलं. अहवाल आला: टीएसएच जवळजवळ नाहीसा, थायरॉक्सिन वर गेलेलं. म्हणजे थायरॉइड उधळलेला. त्या क्षणापासून नानांच्या छातीत धडधड सुरू झाली. हात थरथरू लागले. वजन कमी झाल्याचं त्यांनी किराणा दुकानातल्या काट्यावर सिद्ध केलं. काकूंना मात्र ते नेहमीइतकेच जेवताना दिसत होते.

डॉक्टरांनी विचारलं, ‘काय काय औषधं चालू आहेत?’

‘औषध? मला?’ नाना दुखावले. ‘एक गोळी नाही.’

‘केसांची बाटली सांगा,’ मागून काकू म्हणाल्या.

लेकाने न्यू जर्सीहून पाठवलेली ती बाटली नाना गेले तीन महिने डोक्यावर उरलेल्या केसांच्या मानसिक आधारासाठी घेत होते. बायोटिन, एका गोळीत दहा हजार मायक्रोग्रॅम. रोजची गरज तीस-पस्तीस मायक्रोग्रॅमच्या आसपास. डॉक्टर हसले. रक्ततपासणीची अनेक यंत्रं हार्मोन मोजण्यासाठी बायोटिनचीच पकड वापरतात. रक्तात वरून बायोटिनचा पूर आला की यंत्राचा घोटाळा होतो, टीएसएच खोटा कमी आणि थायरॉक्सिन खोटं जास्त दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल डॉक्टरांना आणि प्रयोगशाळांना सावध केलं होतं. बाटली बंद केली, काही दिवस जाऊ दिले, पुन्हा रक्त दिलं, अहवाल निर्मळ. धडधड कागद हातात पडताच थांबली.

‘पण कुठे लिहिलेलं नव्हतं हो,’ नाना काकुळतीने म्हणत राहिले. आणि तेही खरंच होतं. बाटलीवर चमकणाऱ्या केसांची बाई होती, पत्रक नव्हतं. औषधाच्या कारखान्याला कागद घालावा लागतो. केसांच्या, हाडांच्या, उमेदीच्या बाटल्या कागदावाचून येतात. इसबगोल, ज्येष्ठमध, अक्रोड आणि आल्याचा चहा तर बाटलीतही येत नाहीत. डॉक्टर ‘दुसरं काही घेता का?’ असं विचारतात तेव्हा माणूस त्यातलं एकही सांगत नाही, कारण ते ‘घेणं’ नसतं, ‘खाणं’ असतं. छापलेलं तेवढंच जग, अशी नानांची आजवर समजूत होती. जगाचा मोठा भाग छापलेलाच नाही, हे कळल्यावर ते खरोखरच आजारी दिसू लागले. गच्ची रिकामी पडली. बेन सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायच्या आणि वर बघायच्या. कोणी रागवायला नसल्यामुळे त्यांना तो चहा फिका लागायचा.

शेवटी बेनच त्यांच्या दारात आल्या, सुनेला घेऊन. सुनेला दिवस गेले होते. थायरॉइडची गोळी आधीपासून होती, आता इस्पितळातून लोह आणि कॅल्शियमही मिळालं होतं. तीन पाकिटं, प्रत्येकावर पेनाने काढलेल्या उभ्या-आडव्या रेघा. डॉक्टरांच्या दाराबाहेर पन्नास बायका होत्या, दुकानदार एकीकडे फोनवर बोलत होता. ‘काका,’ बेन म्हणाल्या, ‘आ त्रणे साथे लेवानी?’

नाना उठले. झोपाळा थांबवला. आधी एकच प्रश्न विचारला: थायरॉइडची मात्रा डॉक्टरांनी पुन्हा तपासली का? गरोदरपणात ती बहुधा वाढवावी लागते. तपासली होती, वाढवलीही होती. मग त्यांनी वहीचं पान फाडलं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, हे सरकारी सूचनेतही आहे. थायरॉइडपासून दोघंही चार तास लांब. कॅल्शियम जेवणाबरोबर. लोह जेवणापासून दोन तास दूर, आणि चहापासून तर आणखी दूर, चहा लोहाला अंगी लागू देत नाही. नानांनी पेन्सिलीने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. लोह दुपारी चारला ठेवलं तर बेनच्या घरचा चारचा चहा बुडत होता. पूर्वीचे नाना असते तर चहा बुडाला असता. या नानांनी अर्धा तास डोकं खाजवलं आणि लोह उचलून रात्री नेलं. सकाळी सहा, थायरॉइड, पाण्याबरोबर. सात, चहा-नाश्ता. साडेबारा, जेवण आणि कॅल्शियम. आठ, जेवण आणि दुसरं कॅल्शियम. साडेदहा, लोह, लिंबूपाण्याबरोबर. खाली लिहिलं: हे डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करणे. आणि त्याच्याही खाली एक नवी ओळ: घरात आणखी जे जे खातो-पितो ते त्यांना न विचारता सांगणे.

बेननी कागद वरून खाली वाचला आणि मधल्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं. ‘काका, चार वागे शुं?’

‘चारला चहा.’

‘खांड नाखीने?’

नानांनी भिंग खाली ठेवलं. ‘साखरेचं पत्रक,’ ते म्हणाले, ‘अजून माझ्या वाचनात आलेलं नाही.’